वेसवी-बागमांडला फेरी, पण सावित्रीच्या काठाकाठाने जाऊन

फेरीबद्दल (म्हणजे सावित्रीच्या खाडीतून गाड्या-माणसं पलीकडे नेणारी बोट) लिहायचंय पण आधी तिथवर कसे गेलो ते सांगतो, कारण नुसती फेरी म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचं काम.

मार्चमधे शिमगा आटपता आटपता क्षेत्र महाबळेश्वरला होतो, पंचगंगेच्या (पाच नद्यांचा उगम मानतात ते देऊळ) गोमुखाचं पाणी डोळ्याला लावलं आणि बायको म्हणाली, ह्यातलीच सावित्री ना, चल तिच्याबरोबर खाली जाऊ. कृष्णा बिचारी पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, ही शंभरेक किलोमीटरमधे समुद्राला भिडते, आपल्या दोन दिवसांच्या सुट्टीत बसणारी नदी! आंबेनळी घाटात पांगारा लालभडक, पोलादपूरला उकाडा. महाडला चवदार तळ्यावर २० मार्चची तयारी चालू होती, १९२७ च्या सत्याग्रहाचा दिवस ना, तिथे जरा शांत बसलो. मग हायवेच्या एका हॉटेलात मिसळ मागवली तर रस्सा उकळता आणि खालची मटकी फ्रिजमधली गारढोण, असो.

म्हाप्रळपासून पुढे मात्र गाडी तीसच्या वर नेऊच नका. रस्ता अरुंद, कांदळवन, मोहोराचा वास आणि खाडी सगळी उजव्या हाताला म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, त्यामुळे अर्ध्या वाटेत बायकोने भांडून स्टिअरिंग घेतलं. बाणकोटचा जांभ्या दगडाचा किल्ला (इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया) बघा, वरून नदीचं मुख अख्खं दिसतं. रात्री वेळासला राहिलो, सकाळी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाण्यात सोडताना बघितली, तळहातापेक्षा लहान, लाट आली की उलटीपालटी होऊन परत चालू.

आणि मग फेरी. ही नसेल तर हरिहरेश्वरला जायला खाडीला वळसा घालून पार आंबेतच्या पुलापर्यंत मागे जावं लागतं. रॅम्पवर चढताना बायकोचा श्वास अडकला होता पण तिथला पोरगा "येऊद्या येऊद्या, अजून, बास ताई" करत आरशाला आरसा लावून गाडी बसवून देतो, हँडब्रेक ओढा आणि खाली उतरा, गाडीत बसून राहू नका. एका बाजूला अर्धवट पुलाचे खांब, डोक्यावर घारी, पाण्याचा रंग मधेच मातकटाचा निळा होतो, कपडे खारट. शेजारच्या मावशीच्या टोपलीत सुकट होती, अर्धा किलो तिथेच घेतली, गाडीला अजून वास आहे.

शनिवार-रविवारी लवकर जा, गाड्यांची रांग लागते. शेवटची बोट किती वाजता ते जेट्टीवर आधीच विचारून ठेवा.