मुलाच्या परसातला हॉट टब आणि काळी वायर

मी मंडळात बत्तीस वर्षं लाइनमन होतो. मंडळ म्हणजे एमएसईबी. २००५ मध्ये त्याचं महावितरण झालं, पण आमच्या तोंडी मंडळच राहिलं. सध्या न्यू जर्सीत मुलाकडे आलोय. त्याने परसात हॉट टब बसवला आणि मला म्हणाला, "बाबा, रिव्ह्यू तुम्हीच लिहा, सगळ्यात जास्त फेऱ्या तुम्हीच मारल्यात त्याच्याभोवती."

टब चांगला आहे. सात बाय सात फूट, पाच माणसं बसतात, ३५० गॅलन म्हणजे साधारण १,३२५ लिटर पाणी. जेट, रंगीत दिवे वगैरे सूनबाईला विचारा. मी विजेचं सांगतो.

दुकानात दोन प्रकार दाखवले. एक १२० व्होल्टचा, सॉकेटमध्ये पिन घातली की चालू. दुसरा २४० व्होल्टचा, त्याला मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढावी लागते. स्वस्त आणि बिनझंझटीचा म्हणून मुलाचा जीव पहिल्यावर. मी तिथेच पावतीच्या पाठीमागे हिशोब मांडला. नळाचं पाणी १० अंश, आपल्याला हवं ३८, म्हणजे सुमारे ४३ युनिटं. पहिल्याचा हीटर १ किलोवॉटचा, म्हणजे ४३ तास, आणि तेही गारठ्यात काहीच उष्णता गेली नाही तर. दुसऱ्याचा साडेपाच किलोवॉटचा, आठ तासांत काम होतं. दुसरा घेतला.

ठेवायचा कुठे, यावरही वाद झाला. पाणी, टब आणि माणसं मिळून वजन दोन टनांच्या घरात जातं. जुन्या लाकडी डेकखाली वाकून बघितलं आणि नको म्हणालो. चार इंची काँक्रीटचा ओटा घातला. इथे खोदण्याआधी ८११ ला फोन करायचा. माणसं येऊन जमिनीवर खुणा करून जातात: विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा. पैसे घेत नाहीत. आमच्याकडे केबल कुठून गेलीय ते जेसीबीने तोडल्यावर कळायचं.

आता खरी गोष्ट. वायरिंगला पहिला माणूस ओळखीतून आला, घरातलं पडेल ते काम करणारा. लायसन्स नाही, टाउनशिपचं परमिट नको म्हणाला. मीही मदतीला उभा राहिलो, पण पेटी उघडली आणि हात मागे घेतला. इथे काळी वायर जिवंत असते! काळी आणि लाल, दोन्हींत करंट. दोघींत मिळून २४० व्होल्ट, एकेकीत आणि पांढरीत १२०. पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. मी आयुष्यभर काळीला न्यूट्रल म्हणून हात लावत आलो. मुलाकडे आलेल्या आपल्या हौशी बाबालोकांना हात जोडून सांगतो, इथला बोर्ड उघडू नका. मी खुर्ची घेऊन लांब बसलो.

त्याने टबाजवळ भिंतीवर ५० अँपिअरच्या जीएफसीआय, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या, ब्रेकरची पेटी लावली. स्विच टाकला, छोटा पंप सुरू झाला आणि खट्. परत टाकला, परत खट्. आधी म्हणाला टबच खराब आहे. मग म्हणाला, हा ब्रेकर फार नाजूक असतो, साधा टाकून देतो.

इथे माझा आवाज चढला. शेतातल्या मोटारीच्या पेटीत किटकॅट फ्यूजला जाड तार पिळून ठेवलेली मी किती वेळा काढलीय. फ्यूज उडतो म्हणून तार जाड करायची. ओल्या पायांनी पेटीला हात लावलेल्या दोन माणसांच्या पंचनाम्याला मी उभा राहिलोय. हा ब्रेकर जेवढा करंट गेला तेवढा परत आला का, एवढंच बघत बसतो. ५ मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की तोडतो. आपल्याकडे घरात लावतात ती आरसीसीबी, जिला सगळे ईएलसीबी म्हणतात, ती ३० ला तोडते. उघड्या अंगाने पाण्यात बसायचं तर नाजूकच पाहिजे.

दुसरा लायसन्सवाला बोलावला. त्याने दहा मिनिटांत चूक दाखवली. टबाकडून आलेली पांढरी वायर ब्रेकरच्या स्क्रूला लावायची, ती पहिल्याने पेटीतल्या न्यूट्रल पट्टीला लावली होती. पट्टीला फक्त ब्रेकरची स्वतःची पांढरी शेपटी जाते. परत येणारा करंट ब्रेकरमधून जातच नव्हता, म्हणजे त्याच्या लेखी गळती. बिचारा बरोबरच ट्रिप होत होता. पेटीही चुकीच्या जागी होती, टबात बसून हात पोचेल अशी. नियमाने ती टबावरून दिसली पाहिजे, पण पाण्यापासून किमान ५ फूट लांब. ती हलवली, ६ नंबरची तांब्याची वायर पीव्हीसी पाइपातून १८ इंच खोल घातली, परमिट काढलं. इन्स्पेक्टरने येऊन पेटी उघडून बघितली, मग सही केली. एकूण १,८०० डॉलर. मुलाला जड गेले, मला नाही.

टबाला पाचपैकी चार तारे. एक कापला तो झाकणासाठी: थंडीत पट्टे इतके ताठरतात की आमच्या हिला कुलूप निघत नाही. पण नातू चार वर्षांचा आहे, कुलूप राहू दे. तापमान ४० अंशांपुढे जातच नाही. मला बीपीची गोळी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून पंधरा मिनिटं बसतो.

दिवाळीत हिने त्यात तेल-उटणं लावून अभ्यंगस्नानाचा घाट घातला होता. सूनबाई धावत आली. तेलाने फिल्टर चोंदतो, फेस होतो. मग आधी बाथरूममध्ये आंघोळ, नंतर टब. हिचं म्हणणं, मग टबाचा उपयोग काय?

मार्चमध्ये आम्ही परत जातो. फ्रिजशेजारच्या कालनिर्णयावर दर महिन्याच्या एक तारखेला मी पेनाने लिहून ठेवलंय: ब्रेकरचं टेस्ट बटण दाबणे. ब्रेकर ट्रिप झाला तरच पाण्यात उतरणे.