स्किट करणाऱ्या छोट्या ग्रुपला केंद्राचं अनुदान घेण्यासारखं आहे का? ठाण्यातून रिव्ह्यू

5 पैकी साडेतीन स्टार, आणि कापलेला दीड स्टार फक्त पैसे यायच्या पद्धतीसाठी.

ठाण्यात स्किट करणाऱ्या बऱ्याच पोरांना वाटतं की सरकारी अनुदान म्हणजे शास्त्रीय संगीत नाहीतर लोककला, आपल्याला कोण विचारतंय, पण तसं नाहीये. संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत कार्यक्रम आणि निर्मितीसाठी अनुदान आहे, त्यात नाटक येतं, विनोदी असलं म्हणून कुठे अडत नाही. फक्त सुटी सुटी स्किट्स लिहून पाठवू नका, सगळी एका सूत्रात ओवून एक सलग प्रयोग करा आणि त्याचंच बजेट द्या, आम्ही तेच केलं.

आता पैशाचं. साधारणपणे 5 लाखांपर्यंत मिळतात पण खर्चाच्या 75 टक्केच, उरलेले 25 टक्के संस्थेने घालायचे. वर अनुदान दोन हप्त्यांत, आधी 75 टक्के आणि बाकीचे प्रयोग होऊन हिशोब दिल्यावर. म्हणजे समजा 4 लाखांचा खर्च धरला तर अनुदान 3 लाख, पहिला हप्ता सव्वादोन, आणि वरचे पावणेदोन लाख तुम्हीच उभे करायचे, त्यातले 75 हजार मागाहून परत येणार. लाईटवाला, सेट, गडकरी नाहीतर घाणेकर नाट्यगृहाचं भाडं, यातलं कोणीच दुसऱ्या हप्त्यापर्यंत थांबत नाही हो. कॉलेज संपवून नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांच्या ग्रुपला हे खरंच जड जातं, इथे नियम बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अट म्हणजे संस्था किमान 3 वर्षं आधी रजिस्टर झालेली हवी, 3 वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब हवेत, एनजीओ दर्पणचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा) आयडी हवा. इन्स्टावर कितीही फॉलोअर्स असू देत, त्याने काही होत नाही. त्यामुळे ग्रुप आज सुरू करत असाल तर आजच धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीच्या मागे लागा आणि बँकेत संस्थेचं खातं उघडा, तिकिटाचे पैसे कोणाच्या तरी जीपेवर घेणं आधी बंद करा.

शेवटी सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं, म्हणून चहा-वडापावपासून टेम्पोपर्यंत प्रत्येक बिल संस्थेच्या नावानेच घ्या. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे राज्याच्या नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडून, पास करून घ्यायची असते तेही लक्षात ठेवा, ताज्या बातम्यांवरची स्किट्स आयत्या वेळी बदलणाऱ्यांनी तर जास्तच.

कलाकारांना महिन्याचं मानधन हवं असेल तर गुरु-शिष्य परंपरेचं रेपर्टरी (कायमच्या कलाकार संचासाठीचं) अनुदान वेगळं आहे, ते यात मागू नका. पण एक मोठा प्रयोग नीट उभा करायचाय, कागदपत्रं तयार आहेत आणि थोडे पैसे हाताशी आहेत, तर बिनधास्त अर्ज करा. आमची बजेटची शीट बघायची असेल तर तालमीला या, बसून दाखवतो.