बॉक्स्टर की केमन? पुण्यातला उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

मी बॉक्स्टर घेतली. पोर्शची ७१८, दोन लिटरचं टर्बो इंजिन, चार सिलिंडर, पीडीके (म्हणजे पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, सेकंडहँड. गेल्या दिवाळीच्या आधी गाडी घरी आली आणि आता यंदाचे गणपतीही होऊन गेले. कोथरूडच्या एका मित्राकडे याच इंजिनाची केमन आहे. आम्ही दोघं सतत गाड्या बदलून चालवतो, त्यामुळे हे एकाच गाडीचं कौतुक नाही. दोन्ही गाड्या ऊन-पावसात, खड्ड्यांत आणि घाटांत बघून मग लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बॉक्स्टर आणि केमन ही एकाच गाडीची दोन रूपं आहेत. उघडता येणाऱ्या कापडी छताची बॉक्स्टर १९९६ मध्ये आली आणि पक्क्या छताची केमन २००५ मध्ये. आधी केमन महाग असायची. २०१६ मध्ये दोघींची ७१८ नावाची पिढी आली तेव्हा कंपनीने हा क्रम उलटा केला आणि बॉक्स्टर वरच्या किमतीला नेली. ताकद दोन्हींत सारखी, ३०० अश्वशक्ती. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या दोन्ही गाड्यांचं वजनही कंपनी १,३३५ किलोच सांगते. म्हणजे वेगाच्या आकड्यांवरून निवड करायला काही उरतच नाही. प्रश्न फक्त छताचा.

छत ही गाडीच्या सांगाड्यातली कामाची गोष्ट असते. काडेपेटीचा आतला कप्पा बाहेर काढून हातात पिळून बघा, सहज वाकतो. कव्हरात सरकवला की तसा वाकत नाही. म्हणून उघड्या गाडीला खालून आणि काचेच्या खांबांत जास्तीचं बळ द्यावं लागतं. पोर्शने ते काम फार चांगलं केलंय, तरी फरक जाणवतोच. बोपदेव घाटाच्या अलीकडे उखडलेला रस्ता लागला की छत उघडं असताना बॉक्स्टरचा आतला आरसा किंचित थरथरतो. मागच्या गाडीचे दिवे त्यात हलताना दिसतात. त्याच ठिकाणी केमनचा आरसा स्थिर राहतो. वळणांवर मात्र, सार्वजनिक रस्त्यावर शहाण्या माणसाने चालवावी तशी चालवली तर, मला दोघींत फरक सांगता येत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्याने केमनच घ्यावी. त्याबद्दल माझं दुमत नाही.

पण मी पुण्यात राहतो आणि माझी निवड इथेच ठरली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची. सिंहगड रोडवर संध्याकाळी तिसरा गिअर पडला तरी नशीब म्हणायचं. अशा ठिकाणी केमन सदैव तयार असते आणि तिला काही करायलाच मिळत नाही. तिची मजा वेगात आहे आणि तो वेग कायद्यात बसत नाही. बॉक्स्टरचं तसं नाही. थंडीत सकाळी सहाला चांदणी चौकातून निघून मुळशीच्या रस्त्याला लागलो, छत उघडं, पायापाशी हीटर सुरू आणि वेग पन्नास, की गाडी पुरेपूर वापरल्याचं समाधान मिळतं. पिरंगुटच्या पुढे भातशेतांचा ओला वास येतो, कुठे तरी शेकोटी पेटलेली असते. पौड ओलांडून धरणाचं पाणी दिसेपर्यंत मी ओव्हरटेक करायचं विसरलेलो असतो. माझ्या मते पुण्यासारख्या शहरात उघड्या गाडीच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे: सावकाश चालवूनही ती आनंद देते.

याच इंजिनाच्या आवाजाने मात्र कोणाचं मन भरणार नाही. चार सिलिंडरची ती घरघर छत उघडल्यावर जास्तच ऐकू येते. कामशेतच्या बोगद्यात छत उघडं ठेवून जायची हौस एकदा भागवून घ्या. आत आवाज घुमतो, पण ट्रकचा धूरही सरळ नाकात जातो.

धुराचंच सांगायचं तर शहरात छत उघडणं मी जवळपास सोडून दिलंय. गाडी इतकी बुटकी आहे की सिग्नलला शेजारी बस उभी राहिली तर सगळा धूर तोंडावर येतो. मेट्रोच्या आणि उड्डाणपुलांच्या कामांची धूळ वेगळीच. मार्चपासून मेअखेरपर्यंत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच छताला हातही लावू नये. उन्हात उघडी ठेवलेली काळी लेदरची सीट अंग पोळते. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी, आणि उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर वारा सुटतो तेव्हा. एप्रिलमध्ये रात्री जेवणानंतर पाषाण, सूस करत एक चक्कर मारणं हे आमच्या घरचं नित्याचं झालंय.

आता पावसाळा. घेताना सगळ्यांनी याचीच भीती घातली होती. कापडी छत गळत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. ताम्हिणीत समोरचं काही दिसेना इतक्या पावसात अडकलो होतो, आत एक थेंब आला नाही. आवाज मात्र तंबूत बसल्यासारखा येतो आणि तो मला आवडतो. छत साधारण नऊ सेकंदांत बंद होतं आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत गाडी चालू असतानाही बंद करता येतं. पुण्यातल्या अवचित येणाऱ्या सरींसाठी ही सोय लाखमोलाची आहे, कारण बाजूला घ्यायला जागा असतेच कुठे?

काळजी घ्यायची ती पाणी वाहून जाण्याच्या वाटांची. छतावरून उतरणारं पाणी मागच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीच्या खाली जातं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना सोनमोहोर आहेत. मे महिन्यात पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो आणि त्या पाकळ्या नेमक्या त्याच खाचेत जाऊन कुजतात. नळी तुंबली की पाणी आत शिरतं आणि मग गालिचा, वायरिंग सगळ्यालाच धोका. जूनच्या आधी आणि पावसाळ्यात अधूनमधून हात घालून तो कचरा काढायचा, पाच मिनिटांचं काम आहे. ओलं छत घडी करून ठेवायचं नाही, बुरशी धरते. धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा कापडावर जवळून मारू द्यायचा नाही. एका वॉशिंग सेंटरवर दोनदा सांगूनही मुलाने तोच फवारा शिवणीवर धरला, तेव्हापासून गाडी घरीच धुतो. शिवाय मांजरं. मऊ, कोमट कापडावर सोसायटीतलं प्रत्येक मांजर झोपायला येतं. नखांच्या भीतीने मी रात्री कव्हर घालतो. केमनवाल्या मित्राला यातलं काहीही करावं लागत नाही.

सामानात केमन सरळ जिंकते. दोघींचं इंजिन सीटच्या मागे आहे, त्यामुळे पुढेही १५० लिटरची खोल डिकी आहे. मागे केमनला २७५ आणि बॉक्स्टरला १२५. दिवेआगरला दोन रात्रींसाठी दोघं गेलो तर बॉक्स्टर पुरते, पण येताना आंबे, सोलं, नारळ घ्यायचे म्हटलं की बायकोच्या पायाशी पिशव्या येतात. मागच्या डिकीला इंजिनाची ऊबही लागते, तेव्हा आंबे पुढेच ठेवा. मागचं दिसण्यातही केमन बरी. बॉक्स्टरचं छत बंद असताना मागच्या कोपऱ्यात मोठा भाग झाकला जातो आणि डावीकडून घुसणाऱ्या दुचाक्या त्याच कोपऱ्यात असतात. लेन बदलताना मी मान वळवून बघतो, नुसत्या आरशावर विसंबत नाही.

एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात वाचली नव्हती. माझ्या आईचे गुडघे दुखतात. केमनमध्ये बसताना तिला एकाच वेळी खाली वाकावं लागतं आणि डोकंही सांभाळावं लागतं. ती एकदाच बसली आणि म्हणाली, "तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ." बॉक्स्टरचं छत उघडून दार पूर्ण उघडलं की ती उभ्याने मागे टेकते, मग पाय आत घेते. उतरताना मी दोन्ही हात धरून उठवतो, वर काही लागत नाही. स्कूटरवर बांधायची तशी ओढणी तोंडाला घट्ट बांधते आणि खडकवासल्याला चल म्हणून स्वतःच सांगते. या एका कारणासाठीसुद्धा मी पुन्हा बॉक्स्टरच घेईन.

घडीच्या पत्र्याचं छत हा मधला मार्ग काहीजण सुचवतात. २००९ ते २०१६ ची बीएमडब्ल्यू झेड-४ तशी होती. जुन्या गाड्यांच्या बाजारात कधीकधी दिसते. छत उघडायला वीस सेकंद लागतात आणि उघडल्यावर डिकी ३१० वरून १८० लिटरवर येते. पुढच्या झेड-४ ला बीएमडब्ल्यूने परत कापडी छतच दिलं, यात काय ते आलं.

तर, गाडी उघड्यावर किंवा झाडाखाली लागणार असेल, किंवा घरात ही एकच गाडी असेल, तर केमन घ्या. बंद पार्किंग असेल आणि पहाटे उठायची आवड असेल, तर बॉक्स्टर. पेट्रोलवरची नेहमीची ७१८ युरोपीय संघात २०२४ मध्येच विकायची थांबली, त्यामुळे आता चांगली जुनी गाडी शोधणं हाच खरा रस्ता आहे. बॉक्स्टर बघायला जाल तेव्हा छत चार-पाच वेळा उघडबंद करून बघा, मधे अडखळता कामा नये. सीटच्या मागचा गालिचा हाताने दाबून ओल तपासा, कोंदट वास येतो का ते बघा. मग छत अर्धवट उघडून मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हळूहळू बाटलीभर पाणी ओता आणि गाडीच्या खाली वाकून बघा. दोन्हीकडून पाणी लगेच टपकलं, तरच पुढची बोलणी करा.