टोकियो ते ओसाका: सव्वा तासाचं विमान की अडीच तासांची शिंकान्सेन?

टोकियो-ओसाका हवाई अंतर जेमतेम ४०० किलोमीटर. टोकियोच्या हानेदा विमानतळाहून सुटलेलं विमान सव्वा तासाच्या आत ओसाकाच्या इतामी विमानतळावर पोचतं, आणि त्यातही प्रत्यक्ष हवेत असतो तो पाऊण तासाच्या आसपास. नोझोमी या शिंकान्सेनला, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनला, ५१५ किलोमीटरचा लोहमार्ग कापायला अडीच तास लागतात. (मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे, म्हणजे हा हिशेब पुढेमागे आपल्याकडेही होणार.) कागदावर विमान सरस दिसतं, आणि लवकर तिकीट काढलं तर बऱ्याचदा स्वस्तही पडतं.

विमानतळावरच्या तपासणीत फार वेळ जातो, असं मी म्हणणार नाही. जपानमध्ये देशांतर्गत विमानासाठी सुटण्याच्या २० मिनिटं आधी तपासणी पार केली की पुरतं, पाण्याची बाटलीसुद्धा सोबत नेता येते. वेळ जातो तो दोन टोकांना. मी टोकियोतल्या निशिकासाईला राहतो. आपली बरीच मंडळी याच भागात आहेत. इथून तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाची, तिथून चालत टोकियो स्टेशन, की अर्ध्यापाऊण तासात फलाटावर. हानेदाला जायचं तर निहोम्बाशीला गाडी बदलून तासभर धरावा लागतो. पलीकडे इतामीहून ओसाकाच्या मध्यवर्ती उमेदा भागापर्यंत बसने अर्धा तास, तोही रस्ता मोकळा असेल तर. नोझोमी थांबते त्या शिन-ओसाकाहून मात्र ओसाका स्टेशन पुढचंच. एकूण वेळ माझ्या अनुभवात जवळपास सारखाच होतो.

माझा निर्णय झाला तो परतीच्या प्रवासामुळे. इतामीच्या आजूबाजूला दाट वस्ती आहे, त्यामुळे तो विमानतळ रात्री ९ ला बंद होतो. शेवटचं विमान त्याआधीच निघतं, आणि स्वस्त तिकीट बहुधा बदलून मिळत नाही. ओसाकातल्या मीटिंगा वेळेवर संपत नाहीत, आणि संपल्या तरी यजमान 'थोडं खाऊन जा' म्हणतातच. विमानाचं तिकीट असलं की पाच वाजल्यापासून माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. समोरचा माणूस कामाचं बोलत असतो आणि मी मनात बसची वेळ जुळवत असतो. हे मला फार खटकायचं. नोझोमी दर काही मिनिटांनी सुटते, टोकियोची शेवटची गाडी रात्री नऊनंतर आहे, आणि स्मार्ट-ईएक्स या शिंकान्सेनच्या तिकीट अ‍ॅपवर साधं तिकीट काढलं असेल तर गाडी सुटेपर्यंत फोनवरूनच पुढची गाडी घेता येते, जादा आकार न देता. तेव्हापासून मी जेवणाला निवांत बसतो.

तरी सगळ्यांनी रेल्वेच धरावी असं नाही. कामाता, कावासाकी भागात राहणाऱ्यांना हानेदा अगदी जवळ आहे. काम तोयोनाका किंवा इकेदाला असेल तर इतामीच सोयीचं. भारतातून हानेदाला उतरून थेट ओसाकाला जायचं असेल तर तिथूनच पुढचं विमान घेतलेलं बरं. आई-बाबा मोठ्या बॅगा घेऊन आले असतील तर लक्षात ठेवा: लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली की शिंकान्सेनमध्ये सामानाच्या जागेसह आसन आधी राखावं लागतं. हिवाळ्यात वाटेतल्या सेकिगाहाराच्या बर्फात गाड्या रेंगाळतात, तेही धरून चाला.

विमान आणि रेल्वे दोन्ही हवं असेल तर जाताना सकाळचं विमान घ्या. येतानाचं तिकीट मात्र, जमलं तर, नोझोमीचंच काढा.