फ्रॅजाइल एक्सची चाचणी आणि जनुकीय समुपदेशन, पुणे : एका आईचा अनुभव

माझा मुलगा उशिरा बोलायला लागला. नजरेला नजर देत नाही, मिक्सर लावला की कानांवर हात. बालरोगतज्ज्ञांनी फ्रॅजाइल एक्सची, म्हणजे एक्स गुणसूत्रावरचं एक जनुक बंद पडल्याने होणाऱ्या जन्मजात आजाराची, चाचणी सांगितली. जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडंसं रक्त घेतात, बस्स. अहवाल यायला मात्र काही आठवडे लागले आणि तो अख्खा इंग्रजीत. पुण्यात पालकांसाठी मराठीत एक पान जोडायलाच हवं.

खरं मोल समुपदेशनाचं. समुपदेशक मॅडमनी कागदावर चेतापेशी काढली, लांबच लांब फांद्यांसकट. प्रथिनं बनवण्याचा निरोप, म्हणजे आरएनए, या फांद्यांच्या टोकापर्यंत पोचवला जातो आणि गरज पडेल तेव्हा तिथल्या तिथे प्रथिन तयार होतं. एफएमआरपी नावाचं प्रथिन या आरएनएला धरून राहतं आणि इशारा येईपर्यंत काम रोखून धरतं. माझ्या मुलाच्या शरीरात तेच बनत नाही. त्यामुळे प्रथिनं वेळी-अवेळी, गरजेपेक्षा जास्त बनतात आणि पेशींमधल्या जोडण्या नीट पक्व होत नाहीत. जनुकाच्या सुरुवातीला सीजीजी ही अक्षरं 200 पेक्षा जास्त वेळा आली की अख्खं जनुक बंद पडतं. प्रथिनाचा मजकूर शाबूत असतो, पण तो वाचलाच जात नाही. हे ऐकल्यावर 'लाडावलाय' म्हणणाऱ्या नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं ते मला कळलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांचे हात थरथरतात का?" थरथरतात, चालताना तोलही जातो. माझ्या तपासणीत प्री-म्युटेशन निघालं, म्हणजे सीजीजीचा 55 ते 200 च्या मधला आकडा, जो आईकडून मुलाकडे जाताना आणखी वाढू शकतो. अशा बायकांची पाळी चाळिशीच्या आत थांबू शकते. वयस्कर पुरुषांना कंप सुटू शकतो. आता बाबांचीही तपासणी होणार आहे. हे त्यांच्याकडून आलं असेल तर माझ्या बहिणीकडेही असणारच, कारण बाप आपलं एकुलतं एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला देतो. ती यंदा बाळाचा विचार करतेय. बाबांच्या थरथरणाऱ्या हातांचा प्रश्न आम्हाला आधी कुणीच विचारला नव्हता.

आजार बरा करणारं औषध आज नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी लगेच सुरू करून दिली.

जाणार असाल तर चाचणी नाव घेऊनच मागा. मायक्रोअ‍ॅरे किंवा नेहमीची एक्झोम तपासणी अशा इतर जनुकीय चाचण्यांत सीजीजीची ही वाढ सहसा सापडत नाही. आणि आईच्या माहेरची माहिती लिहून न्या: कुणाला कंप, कुणाची पाळी लवकर गेली, कुणाचं मूल उशिरा बोललं.