प्रार्थना-वही: नावं खूप, जागा अपुरी

पुणे कॅम्पातल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत मिळते तशी ही तारखांची प्रार्थना-वही. रोज एक पान, त्यावर नाव, विनंती, उत्तर असे तीन रकाने. आजारपण, परीक्षा, नोकरी यांसाठी झकास. पण ख्रिस्ती विश्वासात नसलेल्या नवऱ्यासाठी किंवा भावासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करायची, तर डिसेंबरला वही संपते आणि नाव तिच्यातच राहतं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. म्हणजे अशा पाच वह्या लागल्या असत्या!

उपाय सोपा. बिनतारखेची दोनशे पानी वही घ्या, माणशी चार पानं सोडा. आठवड्याच्या वारांत नावं वाटा, एका दिवशी तीन-चारच. त्याहून जास्त झाली की नुसती हजेरी होते. "त्याचं तारण होवो" एवढंच रोज लिहिलं तर महिन्याभरात हात थांबतो. त्या आठवड्याची नेमकी गोष्ट लिहा: त्याची भीती, त्याचा राग, त्याच्याशी आपलं वागणं.

मुखपृष्ठाच्या आत बायबलच्या लूक १८ मधली, न्यायासाठी अन्यायी न्यायाधीशाचा पिच्छा पुरवणारी विधवा आहे. खालची टीप मात्र घोटाळ्याची: देव त्या अन्यायी न्यायाधीशासारखा, असं वाटतं. दाखल्यात, म्हणजे येशूच्या त्या बोधकथेत, तुलना उलटी आहे. तसला माणूसही ऐकतो, तर देव का ऐकणार नाही?

कागद पातळ, जेल पेन मागे उमटतं. आणि 'अविश्वासी' हे छापील शीर्षक खोडाच. वही घरातच असते, ज्याचं नाव त्याच्याच हाती पडायची.