गोल्फ क्लबची इतिहास फेरी : चौथ्या ग्रीनसाठी जा

मी गोल्फ खेळते, पण वाईट. हँडिकॅप (म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी जादा फटक्यांची सूट) २८, तोही दिवस बरा असला तर. नोकरी मात्र जन्मभर जमीन मोजण्याची केली, त्यामुळे कुठल्याही मैदानावर मला चेंडूच्या आधी उतार दिसतो. आमच्या नऊ होलच्या, म्हणजे सुरुवातीच्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतच्या नऊ टप्प्यांच्या, क्लबाने हल्ली संध्याकाळचा खेळ संपला की दीड तासाची 'इतिहास फेरी' सुरू केली आहे. गेल्या आठवड्यात जाऊन आले.

सुरुवात क्लबहाउसमध्ये. उशीर झाला आणि ती चुकली तर हळहळू नका. समितीचे एक गृहस्थ करंडकामागून करंडक दाखवतात, प्रत्येकापाशी दोन मिनिटं. कॅप्टनांच्या नावांचा फळा दारासमोर, सोनेरी अक्षरांत. महिला कॅप्टनांचा जिन्याखाली. त्याच्यापुढून आम्हाला लगबगीने नेलं. मी मुद्दाम मागे राहून सगळी नावं वाचली. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या, नामांकित रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते २०१४ साली, हे ठाऊक आहे मला. पण तेवढ्याने जिन्याखालची जागा चांगली ठरत नाही.

काचेच्या कपाटात तीन जुने चेंडू आहेत, आणि त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. खरं तर सगळी गोष्ट तिथेच सुरू होते. पहिला चामड्यात पिसं ठासून शिवलेला. चांगल्या कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच व्हायचे, म्हणून महाग, आणि भिजला की कामातून गेला. दुसरा गटापर्चाचा, साधारण १८४८ पासूनचा : झाडाचा चीक तापवून गोल वळायचा, फुटला तर पुन्हा वळायचा. चेंडू स्वस्त झाला, खेळणारे वाढले, क्लब वाढले. तिसरा रबरी धागा गुंडाळलेला हॅस्केल, १८९८ चा. १९०२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा सँडी हर्डने याच चेंडूने जिंकली आणि बाकीच्यांनी गटापर्चा टाकून दिला.

हे मी आमच्या गटातल्या दोघांना सांगितलं, कारण पुढे दुसऱ्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) त्याचा उपयोग होता. तिथे एकामागे एक तीन चौथरे आहेत. पुढचा गवतात जवळजवळ बुजलेला, मधला झिजलेला, मागचा नवा कोरा. चेंडू लांब जायला लागला तसतसा टी मागे सरकत गेला. आता मागे कुंपण आहे.

वाटेत समितीचे गृहस्थ दोनदा म्हणाले, "जागा कमी पडली, म्हणून नऊच." अठराऐवजी नऊ, यात ओशाळण्यासारखं काय आहे? १७४४ साली स्कॉटलंडमधल्या लीथमध्ये पहिले १३ नियम लिहिले गेले तेव्हा त्या मैदानावर पाचच होल होते. १८६० ची पहिली ओपन तिथल्याच प्रेस्टविकच्या १२ होलवर झाली, एका दिवसात तीन फेऱ्या. सेंट अँड्र्यूजची फेरीसुद्धा २२ होलची होती. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार आखूड होल जोडून दोन केले, तेच होल जाताना आणि येताना खेळत, त्यामुळे दोन्ही मिळून चार घटले, म्हणून १८. त्यात दैवी काही नाही.

तिसऱ्या होलपासून सूत्रं जुन्या हेड ग्रीनकीपरकडे, म्हणजे मैदानाची निगा राखणाऱ्याकडे, जातात आणि फेरीत जीव येतो. बोलणं कमी, हातात होल कटर, खड्डा पाडायचं अवजार. चौथ्या ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेला गुडघे टेकून त्याने कटर दाबला, फिरवला आणि मातीचा गोळा अलगद बाहेर काढला. १०८ मिलिमीटर व्यासाचा. चेंडू पडतो त्या खड्ड्याचं हे माप १८९१ मध्ये नियमात पक्कं झालं. मग सुरीने उभा कापला. आत पट्टे! वर फिकट वाळू, मग मेलेल्या मुळांचा तपकिरी थर, पुन्हा वाळू, पुन्हा तपकिरी. दरवर्षी ग्रीनवर वाळू पसरायची, ब्रशने आत घालायची, आणि त्या वर्षाची रेघ उमटते. खाली बोटभर काळा थर होता, त्याला कुजक्या अंड्याचा वास. "पाणी निघत नव्हतं तेव्हाचा, ताई. मग चर खणले," एवढंच तो म्हणाला. वरच्या पट्ट्यांत पुन्हा काळं दिसलं नाही. समितीच्या ठरावांची वही मी पाहिलेली नाही, पण याहून नेमकी असेल असं वाटत नाही.

सातव्यावर मात्र सगळे भराभर पुढे निघाले. मी थांबले. हा ग्रीन पूर्वी मागून पुढे चांगला घसरता होता. आता फोनवरच्या लेव्हलने मोजला तर जेमतेम दोन टक्के. चौथा साडेचार भरला होता. कारण सोपं आहे. गवत तीन मिलिमीटरवर कापलं की चेंडू जुन्या उतारावर थांबतच नाही. एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ च्या यूएस ओपननंतर ग्रीनचा वेग मोजायची खाचेची पट्टी बनवली, आणि पुढे क्लबाक्लबांत त्या आकड्याचीच चढाओढ लागली. वेग हवा असेल तर उतार सोडा, उतार हवा असेल तर गवत थोडं वाढू द्या. आमच्या समितीने उतार सोडला. मी ग्रीनकीपरला विचारलं, सपाट करायला तुमची संमती होती का? त्याने कटर फडक्याने पुसला आणि म्हणाला, "चौथा वाचवला ना."

फेरीला पैसे पडत नाहीत, पण एका वेळी दहाच जण घेतात, तेव्हा नाव आधी द्या. सपाट तळाचे बूट घाला. आठव्याकडून परतताना स्प्रिंकलर सुरू होतात आणि कोणी बजावत नाही. माझे मोजे भिजले.